गाडी सापडते, माणूस सापडत नाही

सोलापूरकराला कुणी ‘जपून जा, रानात हरवशील’ म्हटलं तर तो हसेल. नजर जाईल तिथवर माळ, ऊस आणि ज्वारी. हरवायला आधी झाडं तर पाहिजेत! नान्नजला माळढोक पाहायला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणेही गाडीतून उतरल्यावर ‘यात अभयारण्य कुठाय?’ असं विचारतात. पण हाच सोलापूरकर सुटी लागली की विजयपूर, बेळगाव करत गोव्याला निघतो, बुलेट घेऊन लडाख गाठतो, पोटापाण्यासाठी आखातात जातो. आडरानात गाडी बंद पडली तर काय करायचं, याच्या त्याच्या कल्पना मात्र बहुतेक सिनेमातून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत आणि काही तर जिवावर बेतणाऱ्या आहेत.

‘नकाशानं दाखवलाय, म्हणजे रस्ता असणारच’

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट आपल्या गोव्याच्या वाटेवरचीच आहे. बिहारहून गोव्याला निघालेलं एक कुटुंब मोबाइलच्या नकाशावर विसंबून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आलं आणि नकाशानं त्यांना हेमाडग्याच्या बाजूनं भीमगड अभयारण्यात घातलं. सात-आठ किलोमीटर आत गेल्यावर नेटवर्क गेलं. रात्र, दाट जंगल आणि पुढचा रस्ता कळेना. सगळ्यांनी रात्र गाडीतच काढली. पहाटे आलेल्या वाटेनं सुमारे चार किलोमीटर मागं चालत गेल्यावर मोबाइलला रेंज मिळाली. मग ११२ ला फोन झाला, बेळगावच्या नियंत्रण कक्षानं खानापूर पोलिसांना कळवलं आणि पोलिसांनी लोकेशनवरून माग काढून त्यांना बाहेर आणलं.

नकाशातली रेघ डांबरी रस्त्याची आहे, वनखात्याच्या कच्च्या वाटेची आहे की बैलगाडीच्या चाकोरीची, हे नकाशा सांगेलच असं नाही. तो अंतर आणि वेळ मोजतो. पावसानं वाहून गेलेली मोरी किंवा धरणाच्या फुगवट्याखाली गेलेला पूल त्याच्या हिशेबात नसतो. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री थेट पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. पूल महिनोन्‌महिने पाण्याखाली होता, नकाशात मात्र चालू होता. चालक बुडाला. अनोळखी मुलखात रात्रीच्या वेळी नकाशा हमरस्ता सोडायला सांगू लागला, तर टपरीवाल्याला विचारण्यात कसला कमीपणा?

‘रेंज नाही, म्हणजे आपण कुठं आहोत हे कळणारच नाही’

हे अर्धवट खरं आहे. जीपीएसचा मोबाइल टॉवरशी संबंध नसतो. फोन उपग्रहांचे संकेत थेट झेलतो आणि त्यावरून आपली जागा ठरवतो. रेंज गेल्यावर जातं ते फक्त नकाशाचं चित्र, कारण ते इंटरनेटवरून येत असतं. निघण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला असेल तर टॉवर नसलेल्या दरीतही आपला ठिपका दिसतो. रेंज नसताना फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्यानं उतरते. म्हणून फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि उंचवट्यावर आल्यावर अधूनमधून चालू करून पाहावा.

११२ बद्दलचा भाबडेपणा याच्या उलटा असतो. ‘नेटवर्क नसलं तरी ११२ लागतो’ असा संदेश अधूनमधून फिरतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपत्कालीन कॉल जाऊ शकतो, एवढंच त्यात तथ्य आहे. कुठल्याच कंपनीचा टॉवर पोचत नसेल तर ११२ सुद्धा लागत नाही. मग सॅटेलाइट फोन घेऊन जावा? आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची छोटी यंत्रंही त्यातच येतात. भीमगडची घटना घडली त्याच महिन्यात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला असं यंत्र सामानात सापडल्यामुळं पोलिसांना सामोरं जावं लागलं. आपल्या हाती राहतो तो साधा मोबाइल आणि पॉवर बँक.

मोबाइलचं लोकेशन म्हणजे जमिनीवरचा एक नेमका बिंदू, अशीही घरच्यांची समजूत असते. फोन बंद झाल्यावर पोलिसांच्या हाती येतो तो शेवटचा टॉवर. शहरात टॉवर जवळजवळ असतात. माळरानात किंवा घाटात एकच टॉवर कित्येक किलोमीटरचा पट्टा सांभाळतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताम्हिणी घाटात सहा तरुणांची गाडी दरीत कोसळली. मोबाइलच्या शेवटच्या लोकेशनवरून शोधाची दिशा मिळाली, पण गाडी प्रत्यक्ष दिसली ती दोन दिवसांनी, ड्रोन उडवल्यावर.

‘बसून काय होणार? चालत गेलं तर मदत मिळेल’

सगळ्यात जास्त माणसं या समजुतीपायी गेली आहेत. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत जुलै १९९६ मध्ये जर्मनीच्या ड्रेस्डेनहून आलेले दोन प्रौढ आणि दोन मुलं भाड्याच्या मोटारीतून एका निर्जन घळीत शिरली. टायर फुटले, गाडी रुतली. ती सापडली ऑक्टोबरमध्ये, तीही योगायोगानं, अमली पदार्थांचे अड्डे शोधणाऱ्या हेलिकॉप्टरमधून. गाडी कुलूपबंद होती आणि माणसं नव्हती. मोठी शोधमोहीम झाली, हाती काही लागलं नाही. तेरा वर्षांनी, २००९ मध्ये, टॉम महूद नावाच्या हौशी शोधकानं आणि त्याच्या साथीदारानं अस्थी आणि ओळखपत्र शोधून काढलं. गाडीपासून कित्येक किलोमीटर दक्षिणेला.

दक्षिणेला का? महूदचा तर्क असा की नकाशात त्या बाजूला लष्करी तळाची हद्द दिसते. हद्द म्हणजे तारेचं कुंपण, कुंपण म्हणजे पहारा, असा युरोपातल्या माणसाचा हिशेब. प्रत्यक्षात तिथं फक्त वाळवंट होतं. हा तर्क मला पटतो, कारण आपणही असंच करतो. लांब विजेचे खांब दिसले की त्याखाली वस्ती असणार असं धरून चालतो.

गाडीजवळ थांबण्याचं कारण साधं आहे. माणूस वरून दिसत नाही, गाडी दिसते. २००६ च्या हिवाळ्यात ओरेगॉनच्या डोंगरात एक कुटुंब बर्फात अडकलं. त्यांनी गाडीचे टायर जाळून ऊब मिळवली आणि धूर केला. आठवड्यानं वडील मदत आणायला चालत निघाले. दोन दिवसांनी हेलिकॉप्टरनं गाडीजवळ थांबलेली आई आणि दोन्ही मुली जिवंत बाहेर काढल्या. वडील थंडीनं गेले होते.

तर मग ‘गाडी सोडू नका’ हा नियम पक्का का? नाही, आणि इथंच बहुतेक सल्ले घाईनं संपतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सौदी अरेबियाच्या रुब अल खाली वाळवंटात आपल्या शेजारच्या तेलंगणातल्या करीमनगरचा २७ वर्षांचा तरुण आणि त्याचा सुदानी सहकारी अडकले. जीपीएसनं दगा दिला, इंधन संपलं, फोनची बॅटरी गेली. चार दिवसांनी दोघांचे मृतदेह त्यांच्या गाडीशेजारीच सापडले. गाडीजवळ थांबणं तेव्हाच कामी येतं, जेव्हा कुणीतरी शोधायला निघालेलं असतं आणि कुठं शोधायचं हे त्याला ठाऊक असतं. भीमगडमधलं कुटुंब चालत गेलं आणि वाचलं. पण ते रात्री हललं नाही, थंड वेळी निघालं आणि नव्या वाटेनं न जाता आलेल्या वाटेनं मागं गेलं. चालायचंच असेल तर हे तिन्ही पाळावं. शिवाय निघालेली वेळ आणि दिशा एका कागदावर लिहून काचेला आतून चिकटवावी.

‘पाणी पुरवून प्यायचं’

आता आपल्या उन्हाकडं येऊ. मंगळवेढ्याकडून जतकडं जाताना ज्वारीच्या काळ्या रानात मैलोन्‌मैल सावलीला झाड नाही. एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो. असल्या दुपारी दोन वाजता क्लच प्लेट गेली तर पुढची वस्ती तीन किलोमीटरवर असूनही ते अंतर महागात पडू शकतं. रॉचेस्टर विद्यापीठाचे ई. एफ. अडॉल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांवर वाळवंटात अभ्यास केला आणि त्यावरचं पुस्तक १९४७ मध्ये आलं. त्यांच्या हिशेबानुसार सावलीतलं तापमान ४३ अंशांपर्यंत जात असेल आणि पाण्याचा थेंबही नसेल, तर सावलीत स्वस्थ बसलेला माणूस साधारण तीन दिवस तग धरतो. तोच माणूस फक्त रात्री चालला तरी दोन दिवस. ४३ म्हणजे आपला मे महिना. आणखी चक्रावणारा आकडा असा की जवळ सुमारे दोन लिटर पाणी असेल तर बसून राहणाऱ्याचा हिशेब अर्ध्याच दिवसानं वाढतो. म्हणजे राखायचा तो घाम. दिवसा चालताना तासाला लिटरभर घाम सहज जातो.

म्हणून पाणी बाटलीत राखून ठेवून घसा कोरडा ठेवण्यात फायदा नाही. तहान लागली की प्यावं आणि हालचाल कमी करावी. उन्हाचा तडाखा बसला की आधी डोकं चालेनासं होतं. माणूस बडबडतो, वाट सोडतो, कपडे काढून टाकतो. सोबतच्यानं हे ओळखून त्याला सावलीत आडवं करावं, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा.

काचा लावलेल्या गाडीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. बाहेर ३५-४० असताना आत तासाभरात ५० च्या पुढं जातं. दारं उघडावीत आणि गाडीच्या सावलीच्या बाजूला बसावं. थेट जमिनीवर नाही, ती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. सीट कव्हर, पायपुसणी, स्टेपनी, काहीही खाली घ्यावं.

पाण्याबद्दलच्या आणखी दोन अफवा. ‘रेडिएटरमधलं पाणी चालतं’: हल्ली रेडिएटरमध्ये बहुधा कूलंट असतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं, आणि चवीला गोड असल्यानं संशयही येत नाही. ‘निवडुंग फोडून पाणी मिळतं’: बांधावर कुंपणाला लावलेल्या शेराचा आणि त्रिधारी निवडुंगाचा पांढरा चीक तोंड भाजतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती.

काळ्या रानाची आणखी एक तऱ्हा. पाऊस पडून गेल्यावर गाडी रुतली की माणूस एक्सिलरेटर दाबत सुटतो. चाक जागच्या जागी फिरतं आणि दर फेरीला बोटभर आणखी खाली जातं. थांबावं. चाकापुढची माती हातानं काढावी, खाली कडब्याच्या पेंढ्या किंवा दगड घालावेत, टायरमधली हवा थोडी कमी करावी. ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायच्या आधी एवढं तरी करून पाहावं.

‘लांडगं खाईल’

नान्नजच्या माळावर लांडगे आहेत, पण अडकलेल्या गाडीभोवती टोळीनं फिरणारा लांडगा हा सिनेमातला प्राणी आहे. भीती अगदीच बिनबुडाची आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं तिघांचा जीव घेतला आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. टिपेश्वरहून चालत आलेला वाघ बार्शी-येडशीच्या परिसरात वावरला, हेही ताजं आहे. म्हणून रात्री गाडीतच राहावं. पण गाडी बंद पडलेल्या माणसाचा जीव घेणारी मुख्य कारणं ऊन, तहान आणि थंडी हीच आहेत.

‘२४ तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत’

असा नियम कुठल्याच कायद्यात नाही. तरीही घरची माणसं ‘येतील, रेंज नसेल’ म्हणत एक रात्र काढतात, सकाळी नातेवाइकांना फोन करतात आणि दुपारी ठाण्यात जातात. वर काढलेला तीन दिवसांचा हिशेब त्या घड्याळानंच चालतो. डेथ व्हॅलीत तर शोध सुरू व्हायलाच महिने गेले. बेपत्ता व्यक्तीची नोंद, पोलिसी भाषेत ‘मिसिंग’, लगेच करता येते. अल्पवयीन मूल हरवलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार थेट गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे.

ठाण्यात गेल्यावर पोलीस काय विचारतात? गाडी नंबर, रंग, शेवटचा फोन किती वाजता आणि कुठून आला, आणि कुठल्या रस्त्यानं जाणार होते. पहिल्या तिन्हींची उत्तरं बहुतेक घरांत मिळतात. चौथ्याला घरोघरी एकच उत्तर असतं: ‘गोव्याला गेलेत.’ बेळगावहून गोव्याला चोर्ल्यानं जाता येतं, खानापूर-अनमोडनं जाता येतं, आणि नकाशाच्या मनात आलं तर भीमगडातूनही.

तेव्हा गाडी सुरू करण्याआधी घरातल्या एकाला संदेश पाठवा: कुठला घाट, वाटेतली गावं, पोचायची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. वाट बदलली तर रेंज असतानाच तेही कळवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, बाकी कुठंही ११२. समोरच्यानं जागा विचारली की जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा.