पडत्या काळातले अभंग

पडत्या काळात देवाचे नाव घेणाऱ्यांचा आढावा तुकोबांपासून सुरू करण्याची प्रथा आहे. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बुडाला, थोरली बायको अन्नावाचून गेली, आणि त्याच माणसाने देहूचे पडके देऊळ सावरायला घेतले. हे सर्वांना पाठ आहे. जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांच्यावरही भरपूर लिहून झाले. मला थांबायचे आहे ते मंगळवेढ्याला, चोखोबांच्या घरी. गेली चाळीस वर्षे माझा पाय तिथून निघत नाही.

चोखोबा, बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका. गावकुसाबाहेरची, मेलेली ढोरे ओढणारी ही माणसे, आणि पाचही जण अभंग रचतात! सोयरा विटाळाचा प्रश्न थेट देवापुढे मांडते: विटाळावाचून कुणाचा देह घडला, ते सांग. तीच सोयरा दुसरीकडे सारे भेद विरघळल्याच्या आनंदात न्हाऊन निघते. कर्ममेळा तर बापाइतकाही मवाळ नाही. आम्हाला या कुळात घालून काय साधलेस, असे तो विठोबाला तोंडावर विचारतो.

काही अभ्यासक या अभंगांचे दोन ढीग करतात, एक स्तुतीचा आणि एक विद्रोहाचा, आणि आपापल्या सोयीचा उचलतात. मला हे कधीच पटलेले नाही. ज्याचा भरवसा नाही त्याच्या दारात गाऱ्हाणे कोण नेईल?

1972च्या दुष्काळात आमच्या गावाजवळ खडी फोडायचे काम निघाले होते. आई जायची. कामावर सुकडी, घरी मिलोची लाल भाकरी. संध्याकाळी हातावरचे फोड घेऊन बायका देवळात जमत, अभंग धरत, मध्येच विठ्याला मनसोक्त शिव्या देत आणि मग आरती ओवाळत. मी एकदा विचारले, पाऊस देत नाही, मग ओवाळता कशाला? आई म्हणाली, “त्यालाबी आमच्याबिगर कोन हाय?”

आता भजनाच्या स्पर्धा होतात, ढोलक्यांवर माइक लागतात, गळे तयार असतात. पण भांडण ऐकू येत नाही. सोयराबाईचा रंगाचा अभंग किशोरी आमोणकरांच्या स्वरातून घरोघर गेला. विटाळाचा अभंग मात्र क्वचितच कुणी गातो. ही निवड मला सलते.

1338 साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी चोखोबांची म्हणून ओळखली, असे परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. तिथून आत जाण्याची वाट त्यांच्या माणसांना खुली व्हायला 1947 साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

दिवाळी सरली की कार्तिकी येईल. पंढरीला जाल तेव्हा दर्शनबारीत शिरण्याआधी त्या समाधीपाशी थांबा, आणि सोयरेचा विटाळाचा अभंग मोठ्याने म्हणा.