कारखान्याचे दफ्तर : लेखांक सातवा — न आखलेला रकाना

यंत्रांच्या नोंदवह्यांचा विचार मागील लेखांकात झाला. आज जेथे यंत्रे थोडी आणि राबते हात फार, अशा कारखान्याकडे वळावयाचे असून त्यासाठी पिंपळगाव बसवंतच्या पंचक्रोशीतील द्राक्षांच्या पॅकहाऊसइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही. येथे कात्रीने घडातील खराब मणी काढले जातात, घड तोलून पेटीत रचले जातात, आणि फळाबरोबर त्याची माहितीही त्याच पेटीत बंद व्हावी लागते. कारण रॉटरडॅमच्या गोदामात ती पेटी उघडणाऱ्याला शंका आली, तर कैफियत देण्यास बागाईतदार तेथे हजर नसतो.

२००३ साली भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याची तक्रार युरोपातून आली, आणि त्या धक्क्यातून २००६ साली ‘अपेडा’ या कृषिमाल-निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी राहिली. सात-बाराने जमीन ओळखावी तशी तीत प्रत्येक निर्यातक्षम बाग आपल्या नोंदणी क्रमांकाने ओळखली जाते, आणि नमुन्याची तपासणी, प्रतवारीचा दाखला, पेटी व कंटेनर ही सारी त्या एका क्रमांकाच्या सूत्रात ओवली जातात. व्यवस्था उत्तम होती, यात संशय नाही.

तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडने घात केला. एप्रिल छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ आवरून घडनिर्मिती साधावी म्हणून बागाईतदार जे फवारीत व ज्याला ‘लिहोसीन’ म्हणून ओळखत, तेच हे द्रव्य. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. प्रयोगशाळेने अहवाल खोटा दिला नव्हता, बागेचा क्रमांकही चुकला नव्हता. जे विचारलेच गेले नाही त्याचे उत्तर दफ्तरात नव्हते, एवढेच. ज्या द्रव्याची बागेत उघड फवारणी होत होती ते यादी करणाऱ्यांच्या दृष्टीआड राहावे, हे मला त्या प्रकरणातील सर्वांत शोचनीय अंग वाटते. नोंदवही आखताना ती कोणी आखावी, हा प्रश्न म्हणूनच कारकुनी नव्हे. फवारणी करणारा, पेटी भरणारा आणि माल घेणारा या तिघांना विचारल्यावाचून रकाने पाडू नयेत.

हाच दोष लहान प्रमाणावर प्रीकूलिंगच्या खोलीत दिसतो. भिंतीवरील आकडा हवेचे तापमान सांगतो. फळाचे तापमान हवे असेल तर मधल्या पेटीतील घडाच्या आतला मणी निवडून त्यात सुई खुपसावी लागते, आणि गराचा पारा चार अंशांच्या खाली उतरल्याखेरीज माल शीतगृहात हलवू नये. वहीत मात्र पुष्कळदा भिंतीवरचाच आकडा उतरतो, कारण तो उभ्या उभ्या वाचता येतो. ज्या पानावरील रात्रभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात आणि एकाच आकड्याच्या असतात, ते पान पाळी संपताना एका बैठकीत लिहिले गेले असे खुशाल समजावे (तपासनिसांस हे ठाऊक असते, पण शिक्का मारावयाचा असल्यावर बारकाई कोण करतो?).

अशा वहीत मी प्रथम ‘शेरा’चा रकाना पाहतो. वीज गेली, दार उघडे राहिले, ट्रॅक्टर उन्हात थांबला, अमुक बागेचा माल अमुक पेट्यांपासून सुरू झाला, हे वेळेसह तेथे लिहिलेले असेल, तर पुढे तक्रार आल्यास सबंध कंटेनर संशयित न धरता नेमक्या तेवढ्याच पेट्या वेगळ्या काढता येतात.