तबकडी वाचली जाते आहे तोवर

कर्जत तालुक्यातील पोशीर, नेरळ-कळंब रस्त्यालगतची गावे आणि शेजारचा खालापूर तालुका या पट्ट्यात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात झालेल्या लग्नांचे चित्रण पुष्कळ घरांत डीव्हीडीच्या रूपाने जपलेले आहे. व्हीएचएस कॅसेट मागे पडली होती आणि पेन ड्राइव्ह अजून रुळला नव्हता, त्या मधल्या काळात शूटिंगवाला मिक्सिंग करून जी तबकडी हातात देई, तीच त्या प्रसंगाची एकमेव दृश्य नोंद ठरली. आज तबकडी कपाटात आहे, पण ती वाचणारे यंत्र घरात उरलेले नाही. प्लेअर बिघडले, नव्या लॅपटॉपमधून डीव्हीडीचा कप्पा गेला आणि टॅबलेटला तर तो कधी नव्हताच. त्यामुळे हे चित्रण फाइलमध्ये उतरवून टॅबलेटवर पाहण्याची गरज घरोघरी निर्माण झाली आहे. वरवर पाहता हे नक्कल करण्याचे साधे काम वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. पहिली क्रिया म्हणजे तबकडीवरील माहितीची जशीच्या तशी प्रत घेणे, आणि दुसरी म्हणजे तेच चित्र नव्या सांकेतिक पद्धतीत पुन्हा बांधणे. दुसरी क्रिया उरकून पहिली गाळली, तर जे हरवते ते पुढे कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

डीव्हीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची तबकडी असून ती ०.६ मिलिमीटरच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या एकमेकींना चिकटवून बनते. माहितीचा थर या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, आणि त्यावरील सर्पिल रेषेचे दोन वेढे एकमेकांपासून ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर असतात. ही रेषा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल लेसरने वाचली जाते. सीडीसाठी वापरली जाणारी ७८० नॅनोमीटरची अवरक्त किरणे इतक्या बारीक खुणांसाठी जाड पडतात. बाजारातील चित्रपटाच्या डीव्हीडीत या खुणा साच्याने दाबून उमटवलेल्या खऱ्याखुऱ्या खळग्यांच्या असतात. लग्नाची तबकडी मात्र डीव्हीडी-आर प्रकारची असते, आणि तिच्यात खळगे नसून सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लिहिणारा लेसर त्या रंगाला जागोजागी तापवून त्याचे प्रकाशीय गुणधर्म बदलतो आणि तो बदल हीच नोंद असते. रंग म्हटला की तो उडणे आले. ऊन, उष्णता आणि दमटपणा हे त्याचे तीन शत्रू आहेत, आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा व पावसाळ्यात चार महिने टिकणारी ओल हे माथेरानच्या पायथ्याचे नेहमीचे हवामान आहे. नवरा-नवरीचा फोटो छापलेले गोल कागदी स्टिकर तबकडीवर लावण्याची जी पद्धत स्टुडिओंनी रूढ केली, तिनेही हानीच केली. कागद ओल धरतो, आकसतो, आणि वेगाने फिरणाऱ्या तबकडीचा तोल बिघडवतो.

अशी झीज लगेच दिसून येत नाही, कारण डीव्हीडीवर मूळ माहितीच्या जोडीला रीड-सॉलोमन नावाच्या गणिती पद्धतीने तयार केलेले जादा अंक लिहिलेले असतात आणि काही अंक वाचता आले नाहीत तरी उरलेल्यांवरून ते हिशेबाने भरून काढता येतात. म्हणून तबकडी बराच काळ निर्दोष वाटते, चुकांचे प्रमाण दुरुस्तीच्या मर्यादेबाहेर गेले की मात्र चित्र चौकोनाचौकोनांनी फुटते आणि तिथेच अडकून बसते. आज नीट चालणारी तबकडी पुढच्या वर्षीही चालेल, हा अनुमानाचा प्रकार येथे उपयोगाचा नाही.

चित्राचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत प्रत्येक चौकट ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंची असते आणि सेकंदाला अशा २५ चौकटी लागतात. प्रत्येक बिंदूसाठी सरासरी १२ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे १२.४ कोटी बिट होतात, आणि ४.७ अब्ज बाइटची एकपदरी तबकडी अवघ्या पाच मिनिटांत भरून जाते. तिच्यावर दोन तासांचे लग्न मावते याचे कारण एमपेग-२ ही संकोचन पद्धत होय, जी माहितीचा आकार सुमारे पंचविसाव्या हिश्शावर आणते. कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत ज्याचे बरेच चित्रीकरण झाले, त्या ‘जोधा अकबर’सारखा साडेतीन तासांचा चित्रपट एकपदरी तबकडीवर बसवायचा, तर सेकंदाला तीस लाखांहूनही कमी बिट वाट्याला येतात, दुपदरी, ८.५ अब्ज बाइटची तबकडी अशा लांबीसाठीच उपयोगी पडते.

हे संकोचन दोन निरीक्षणांवर उभे आहे. पहिले असे की, लागोपाठच्या चौकटींमध्ये फरक फार थोडा असतो: वरात पुढे सरकते, पण मागची भिंत, मांडव आणि डोंगर तेच राहतात. म्हणून ठरावीक अंतराने एक चौकट पूर्ण लिहिली जाते आणि मधल्या चौकटींसाठी कोणता तुकडा कुठून कुठे सरकला, एवढेच नोंदवले जाते. दुसरे निरीक्षण मानवी डोळ्याविषयी आहे. डोळ्याला उजेडाचे ठळक चढउतार चटकन कळतात, अगदी बारीक पोत तितकासा कळत नाही. तेव्हा चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे तुकडे करून प्रत्येक तुकडा ठळक आणि बारीक चढउतारांच्या बेरजेत मांडायचा व बारीक घटक ढोबळ करून टाकायचे. या मांडणीला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ती बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि जगातील जवळजवळ प्रत्येक डिजिटल छायाचित्र व चलत्चित्र आज तिच्या किंवा तिच्यापासून निघालेल्या पद्धतींच्या आधाराने साठवले जाते.

ढोबळ केलेला बारीक पोत मात्र परत येत नाही, आणि प्रतींच्या क्रमाचा प्रश्न येथेच कळीचा ठरतो. त्या काळातील मिनी-डीव्ही कॅमेरे फितीवर सेकंदाला सुमारे अडीच कोटी बिट नोंदवीत. डीव्हीडी बनवताना त्यांचे पन्नास लाखांच्या आसपास होत, आणि फीत पुढच्या लग्नासाठी पुसली जाई. म्हणजे मूळ चित्रणाच्या पाचव्या हिश्शाएवढी माहिती घेऊन उरलेली डीव्हीडी हीच आता त्या प्रसंगाची सर्वांत उत्तम प्रत आहे. तिच्यावरून टॅबलेटसाठी लहान फाइल बनवून तबकडी टाकून दिली, तर आधीच पोत गमावलेल्या चित्रावर दुसऱ्यांदा तीच क्रिया होते आणि त्यानंतरची प्रत्येक प्रत त्या दुबळ्या फाइलवरून निघते.

गमावण्यासारखे त्यात काय आहे, हा प्रश्न पडू शकतो, आणि त्याचे उत्तर रायगडच्या या भागात विशेष स्पष्ट आहे. येथील आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण ही ज्येष्ठ स्त्री विधींच्या वेळी धवले गाते. ही गाणी मुख्यतः मौखिक परंपरेने चालत आली असून गाणाऱ्या स्त्रियांची संख्या घटत चालली आहे. हळदीच्या रात्रीच्या चित्रणात एखाद्या धवलारणीचा आवाज, तिचे उच्चार, गाणे थांबवून तिने दिलेल्या सूचना सापडतात, तेव्हा ती तबकडी एका घराची आठवण असतेच, शिवाय लोकसंस्कृतीचा पुरावाही असते. दुर्दैवाने मिक्सिंग करताना मूळ आवाज दाबून त्यावर चित्रपटगीते चढवण्याची रीत होती, त्यामुळे असा आवाज शाबूत असलेली प्रत्येक तबकडी मोलाची समजली पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून भारतीय चित्रपटांचा वारसा सांभाळला. गावांच्या हळदी, सप्ताह आणि कबड्डीच्या सामन्यांचा वारसा सांभाळणारी अशी संस्था नाही, ते काम घरांनाच करावे लागते. पोशीर खोऱ्यासाठी यात आणखी एक निकड आहे. उल्हासला मिळणाऱ्या पोशीर नदीवरील धरण प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली आहे, आणि बुडिताखाली जाणाऱ्या अंगणांचे हलते चित्र अशा घरगुती तबकड्यांखेरीज फारसे कुठे असण्याचा संभव नाही.

काम सुरू करताना तबकडी मऊ सुती कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल फिरवून पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या रेषेच्या दिशेनेच जातो आणि दुरुस्तीचे गणित अधिक बिघडवतो. त्यानंतर यूएसबीने जोडायचा बाह्य डीव्हीडी ड्राइव्ह आणि एखादा संगणक घेऊन संपूर्ण तबकडीची आयएसओ प्रत काढावी. आयएसओ म्हणजे तबकडीवरील सर्व माहिती क्रमाने उतरवलेली एकच फाइल होय. तिच्यात चित्र असलेल्या व्हीओबी फाइली, त्यांची सूची ठेवणाऱ्या आयएफओ फाइली आणि मेनू हे सारे मूळ स्वरूपात राहते. तबकडी मध्येच अडत असेल, तर जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर आधी सुस्थितीतील भाग वाचून घेते आणि मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळते; दुसऱ्या ड्राइव्हवर तीच तबकडी अधिक चांगली वाचली जाते, असाही अनुभव येतो. ही आयएसओ दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगवेगळ्या घरांत ठेवावी. दोन तासांच्या लग्नाला साडेचार जीबीच्या आसपास जागा लागते, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ती नगण्य आहे.

टॅबलेटसाठीची फाइल यानंतर बनवावी. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर आयएसओ वाचून चित्र एच.२६४ पद्धतीत बांधते. ही पद्धत २००३ मध्ये प्रमाणित झाली. ती तुकड्यांचे आकार प्रसंगानुरूप लहानमोठे करते, हालचाल पाव बिंदूपर्यंत अचूक मोजते आणि म्हणून एमपेग-२ पेक्षा बऱ्याच कमी माहितीत तेवढेच चित्र उभे करते. सेकंदाला पंधरा लाख बिट धरले, तर दोन तासांचे चित्रण सुमारे १.३५ जीबीत मावते, आणि टॅबलेटच्या चिपमध्ये ही पद्धत उलगडणारी स्वतंत्र रचना असल्याने बॅटरीवर ताण येत नाही. फाइलच्या आकारापेक्षा गुणवत्तेचा अंक ठरवणे श्रेयस्कर. डीव्हीडीच्या चित्रासाठी तो १८ ते २२ यांच्या दरम्यान ठेवतात आणि अंक जितका लहान तितके चित्र मुळाच्या जवळ राहते. एमपी-४ हे केवळ वेष्टन आहे, आतील चित्र कोणत्या पद्धतीचे आहे हे त्यावरून ठरत नाही, एवढे ध्यानात ठेवले की ‘फाइल एमपी-४ असूनही चालत नाही’ हे कोडे उरत नाही.

दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे लागते. जुने कॅमेरे एका चौकटीतील सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपत. जुन्या टीव्हीवर ते खपून जाई, टॅबलेटवर मात्र नाचणाऱ्या हातांच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसतात. त्यासाठी डीइंटरलेसिंग ही सोय चालू करावी आणि शक्य तर सेकंदाला ५० चौकटी ठेवाव्यात, म्हणजे हालचालीचा ओघ टिकतो. दुसरे असे की, डीव्हीडीचे बिंदू चौरस नसतात. चौकटीचे मूळ प्रमाण, बहुधा ४:३, पाळले नाही तर माणसे फुगीर किंवा लांबुडकी दिसतात. चित्र फुल एचडी करून देण्याच्या जाहिरातींना भुलू नये. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चौकटीत डीव्हीडीच्या बरोबर पाचपट बिंदू असतात, तेव्हा त्यातील चार पंचमांश अंदाजाने भरलेले असणार. ध्वनी मात्र फार आवळू नये. धवल्यांचा आवाज आधीच गर्दीच्या गलक्यातून येत असतो.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा चलत्चित्रणाचा पहिला प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, करवून घेणाऱ्याकडे असतो. म्हणजे लग्नाचे चित्रण त्या घराचे आहे. त्यावर चढवलेली चित्रपटगीते मात्र संगीत कंपन्यांच्या मालकीची राहतात, त्यामुळे घरात पाहणे आणि इंटरनेटवर सर्वांसाठी टाकणे यांत फरक करावा लागतो. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडीचे प्रकरण वेगळे आहे. त्यांवर बहुधा सीएसएस नावाचे सांकेतिक कुलूप असते, आणि प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीतील कलम ६५-अ प्रमाणे शिक्षापात्र आहे. घरगुती डीव्हीडी-आर तबकड्यांना असे कुलूप नसते.

ज्या घरांत अशा तबकड्यांचा गठ्ठा असेल, त्यांनी सर्वांत जुनी तबकडी आधी हाती घ्यावी, आणि त्यातही जिच्यात हळदीचा मूळ आवाज आहे तिला अग्रक्रम द्यावा. हे काम पावसाळा लागण्यापूर्वी करावे, आणि आयएसओ फाइलच्या नावात गाव, घर, प्रसंग व वर्ष यांबरोबर ठाऊक असल्यास धवलारणीचे नावही लिहावे.