केस पेपरवरचा ‘एमआय’

मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजेच एमआय, हे हार्ट अटॅकचे वैद्यकीय नाव. करोनरी धमनीत गुठळी होऊन रक्त अडले की त्यापुढचा हृदयस्नायू प्राणवायूविना मरू लागतो; इन्फार्क्शन म्हणतात ते यालाच. निदानासाठी ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिन पाहतात. ईसीजीतील एसटी भाग उचललेला दिसला, तर डॉक्टर ‘स्टेमी’ लिहितात. हा प्रकार सर्वांत तातडीचा, कारण धमनी बहुधा पूर्ण बंद झालेली असते. कार्डिअ‍ॅक अरेस्ट वेगळा: त्यात हृदयाचे रक्त फेकणेच अचानक थांबते. बातम्यांत या दोहोंची सर्रास गल्लत होते. छातीत दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आल्यास अ‍ॅसिडिटी समजून थांबू नये; लगेच १०८ ला फोन करावा.