परांची केव्हा उतरवायची?

इमारत बांधताना भोवती परांची लागते. लोक राहायला आले की ती उतरवतात; नाहीतर चोराला आयता जिना मिळतो. संकेतस्थळे बांधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यांनी तो कसा सोडवला ते ‘रेल्स’ या चौकटीच्या उदाहरणाने पाहू.

रेल्स 2004 साली प्रसिद्ध झाली. ती ‘रूबी’ म्हणजे माणिक या संगणकभाषेत लिहिलेली आहे, म्हणून इतरांनी लिहून ठेवलेल्या, आपल्या कामात जोडता येणाऱ्या आज्ञावल्यांना तेथे ‘जेम’ म्हणजे रत्न म्हणतात. (नावे ठेवण्यात ही मंडळी रसिक दिसतात!)

एकच संकेतस्थळ तीन परिस्थितींत चालते: लिहिणाऱ्याच्या संगणकावर, चाचणीच्या वेळी आणि लोकांच्या प्रत्यक्ष वापरात. डेटाबेसशी बोलणारे रत्न तिन्हीकडे हवे. ‘कॅपिबारा’ मात्र माणसासारखी बटणे दाबून पाहते. ते फक्त चाचणीला लागते. ‘वेब-कन्सोल’ तर चूक झालेल्या पानावरच रूबीच्या आज्ञा लिहू देते. लिहिणाऱ्याला ही मोठीच सोय, पण परक्याच्या हाती गेली तर सर्व्हरच त्याच्या ताब्यात! ती कोणत्या संगणकांना वापरू द्यायची याची यादी असते. पण ही यादी चुकवता येते असे 2015 मध्ये आढळले आणि दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. अशी वस्तू लोकांच्या सर्व्हरवर नसलेलीच बरी.

म्हणून ‘जेमफाइल’ नावाच्या यादीत रत्नांचे गट पाडतात. 2010 साली आलेल्या रेल्सच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही यादी ‘बंडलर’ सांभाळतो. प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर विकासाचे व चाचणीचे गट वगळ, असे त्याला सांगता येते.

येथे एक गंमत आहे. गट वगळले तरी आवृत्त्या ठरवताना बंडलर सगळ्या गटांचा एकत्र विचार करतो आणि निर्णय ‘जेमफाइल.लॉक’मध्ये नोंदवतो. असे का? कॅपिबाराला ‘नोकोगिरी’ हे रत्न लागते, आणि ते खुद्द रेल्सलाही लागते. दोन्हीकडे वेगळी आवृत्ती निवडली गेली, तर चाचणी एका वस्तूची आणि वापर दुसऱ्याच वस्तूचा, असे होईल. मग त्या चाचणीला अर्थ काय उरला?

रत्न संगणकावर बसवणे आणि ते स्मृतीत आणणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्स सुरू होताना आपण कोणत्या परिस्थितीत आहोत ते पाहते, आणि सर्वांसाठीचा गट अधिक त्या परिस्थितीचा गट एवढेच उचलते.

उलटी चूकही होते. संकेतस्थळाला खरोखर लागणारे रत्न विकास आणि चाचणी या गटांत लिहिले गेले, तर लिहिणाऱ्याकडे सारे सुरळीत चालते, चाचण्याही पार पडतात, आणि लोकांसमोर संकेतस्थळ उघडतच नाही. नेमक्या याच कारणाने काही जण, सर्व्हरवर वगळतात तेच गट वगळून संकेतस्थळ आधी आपल्याच संगणकावर एकदा सुरू करून पाहतात.