नवी फाइल कोणती? हा प्रश्नच चुकीचा होता!

परवा माझा ‘पोकेमॉन एमराल्ड’मधला दोन आठवड्यांचा खेळ उडाला. रागही आला आणि हसूही, कारण मी ज्या विषयात पीएचडी करतेय, त्यातल्या पहिल्या धड्यातली ही चूक होती.

झालं असं. माझ्याकडे रेट्रो गेम्सची दोन हँडहेल्ड यंत्रं आहेत, एक हॉस्टेलवर आणि एक बॅगेत. या गेमची सगळी प्रगती १२८ केबीच्या एका सेव्ह फाइलमध्ये मावते. दोन्हीकडे ती सारखी राहावी म्हणून मी लॅपटॉपवर स्क्रिप्ट लिहिली: जिची तारीख नंतरची, ती फाइल दुसरीच्या जागी टाक. सोप्पं! पण बॅगेतल्या यंत्रात घड्याळासाठी वेगळी बॅटरीच नाही. चार्जिंग पूर्ण संपलं की तारीख थेट १९७० वर. मग काय, दोन आठवड्यांची मेहनत स्क्रिप्टच्या लेखी जुनी ठरली आणि हॉस्टेलवरची शिळी फाइल तिच्या जागी बसली.

मग घड्याळ नीट लावलं की झालं? नाही. समजा, शनिवारी एका यंत्रावर खेळलात आणि सिंक न करता रविवारी दुसऱ्यावर. रविवारची फाइल नवी खरी, पण तिच्यात शनिवारचं काहीच नाही. म्हणजे ‘नवी कोणती?’ हा प्रश्नच चुकला. विचारायचं असं: ही फाइल तयार होताना ती दुसरी ठाऊक होती का?

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या निबंधात घटनांचा क्रम असाच, घड्याळाशिवाय मांडला. पुढे १९८३ मध्ये पार्कर आणि सहकाऱ्यांनी फाइलींसाठी ‘व्हर्जन व्हेक्टर’ मांडला. कल्पना साधी आहे. प्रत्येक यंत्राचा एक आकडा, आणि त्या यंत्रावर सेव्ह केलं की तो एकाने वाढतो. सुरुवातीला दोन्हीकडे (५, ३). पहिल्यावर खेळलात तर (६, ३), दुसऱ्यावर खेळलात तर (५, ४). एकीचे सगळे आकडे दुसरीइतके किंवा जास्त असतील, तर ती बिनधास्त ठेवा. इथे तसं नाही, म्हणजे संघर्ष! सेव्ह फाइली मजकुरासारख्या ओळीओळीने जोडता येत नाहीत, म्हणून दोन्ही ठेवायच्या आणि माणसाला विचारायचं. ‘सिंकथिंग’ हेच करतं: तारखेने जुनी ठरलेली फाइल पुसत नाही, वेगळ्या नावाने बाजूला ठेवते.

एक सूचना. सिंक करायची ती गेमने स्वतः लिहिलेली सेव्ह फाइल. एम्युलेटरची ‘सेव्ह स्टेट’ दुसऱ्या एम्युलेटरवर किंवा दुसऱ्या आवृत्तीवर उघडेलच असं नाही.

संशोधनाची तयारी करताना आपण उत्तराकडे धावतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये बग नव्हता. तिने माझ्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं. प्रश्नच चुकीचा होता. तेव्हा कोड लिहिण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: मी नेमकं काय विचारतेय, आणि काय गृहीत धरतेय?

आणि हो, थीसिस दोन लॅपटॉपवर लिहीत असाल, तर आजच तपासा!