‘कशी वाटली?’ असं विचारूच नका

जळगाव-धुळ्यात वेबसाइट बनवून देणारी मंडळी आता गल्लोगल्ली सापडतात. गिऱ्हाईकही तऱ्हेतऱ्हेचं असतं. जळगावचा सराफ, रावेर-सावद्याचा केळी व्यापारी, एमआयडीसीतला दालमिलवाला नाहीतर चटईवाला, धुळ्याचा क्लासवाला. डिझाइन तयार झालं की पुढचा कार्यक्रम ठरलेला. स्क्रीनशॉट मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, खाली ‘एक नंबर, भो!’ आणि अंगठ्यांची रांग लागते, आणि डिझाइनरला वाटतं की अभिप्राय मिळाला. मिळालेला असतो तो लोभ. गिऱ्हाइकाच्या पैशांचं डिझाइन त्यावर पास करता येत नाही.

गैरसमज : जितक्या जास्त लोकांना विचारू, तितकं बरं.

वस्तुस्थिती अशी की चुका सापडायला माणसं फार लागत नाहीत. जेकब नीलसन आणि टॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांत एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. दुसरा माणूस त्यातल्या बऱ्याच पुन्हा दाखवतो, थोड्या नव्या दाखवतो. या हिशेबाने पाचव्या माणसापर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी वर येतात. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जणांना दाखवावं, दुरुस्त करावं आणि मग नव्या पाच जणांपुढे ठेवावं, हा नीलसनचा सल्ला.

पण हा पाचाचा आकडा लोक मंत्रासारखा म्हणतात, तेही चूक. तो सरासरीचा आहे, आणि पाचही माणसं एकाच प्रकारची असतील तेव्हाच चालतो. केळी व्यापाऱ्याच्या साइटवर भाव बघायला येणारा शेतकरी आणि ट्रक मागवणारा दिल्लीचा खरेदीदार ही दोन वेगळी जगं आहेत. दोघांना वेगळं बसवावं लागतं. शिवाय ‘किती टक्के लोकांना हे जमेल?’ या प्रश्नाचं उत्तर पाच जणांकडून मिळत नाही. कुठे अडतं एवढंच कळतं.

गैरसमज : मत विचारलं की खरं कळतं.

आपल्या खान्देशात तर मुळीच कळत नाही. समोर बसून, चहा पिऊन कोणी तुमच्या कामाला नावं ठेवणार नाही. त्यामुळे मत विचारूच नये, काम सांगावं. ‘दादा, आजचा केळीचा भाव यात शोधून दाखवा,’ एवढं बोलून फोन हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग. बोट चुकीच्या जागी गेलं की ‘अहो, तिथे नाही, वर’ असं तोंडून निघतंच, आणि त्या क्षणी चाचणी संपते. मनात येईल ते मोठ्याने बोला, असं आधी सांगून ठेवावं. ‘आता हे काय आलं बुवा?’ हे वाक्य कानावर पडलं तर ते शंभर अंगठ्यांपेक्षा मोलाचं. आणि ही चाचणी एसीत, लॅपटॉपवर घेऊ नका. मे महिन्यात रावेरच्या उन्हात, ब्राइटनेस कमी असलेल्या फोनवर काय दिसतं, ते बघा.

मग व्यवसायबंधूंचा उपयोग काय? आहे. दोन ओळींतलं अंतर, अक्षरांचा मेळ, पानांची रचना, कोडची स्वच्छता हे त्यांनाच दिसतं. पण त्यांना प्रश्न नेमका द्यावा लागतो : ‘गिऱ्हाईक घाऊक खरेदीदार आहे, त्याने चौकशीचा फॉर्म भरावा एवढाच हेतू आहे, त्यात काय आड येतंय?’ हेतू न सांगता डिझाइन पुढे ठेवलं, तर प्रत्येक जण स्वतःला आवडणारी साइट सांगत बसतो.

गैरसमज : गिऱ्हाइकाला डिझाइनमधलं काही कळत नाही. किंवा त्याच्या उलट : तो म्हणेल तसं करून मोकळं व्हावं.

दोन्ही टोकं वाईट. ‘लोगो मोठा करा’ ही गिऱ्हाइकाची तक्रार असते, औषध नसतं. डॉक्टर पेशंटने सांगितलेली गोळी लिहून देत नाही, तसंच हाकलूनही देत नाही. सराफ लोगो मोठा मागतो तेव्हा बहुधा त्याला भीती असते की पेढीची पत पानावर दिसत नाही. भीती खरी असू शकते. पण साइटवर येणाऱ्याला पत कशात दिसते? आजचा भाव, घडणावळ किती, दुकानाचा पत्ता, आणि दागिन्यावर एचयूआयडी आहे की नाही यात. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर हा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक लागतो, आणि तो मोबाइलवर तपासता येतो. ही माहिती वर आणली की लोगोचा आग्रह बऱ्याचदा आपोआप मावळतो.

काही सूचना तर आवडीनिवडीच्या पलीकडच्या असतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणून ‘जीआयचा शिक्का ठळक टाका’ अशी सूचना हमखास येते. इथे शिक्का कुठे शोभेल हा प्रश्न नंतरचा. व्यापाऱ्याची या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का, हे आधी विचारा.

गैरसमज : रंग म्हणजे ज्याची त्याची आवड.

अर्धं खरं. पण वाचता येणं मोजता येतं. वेबच्या सुगम्यता निकषांनुसार साध्या आकाराची अक्षरं आणि मागची पाटी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ हवं. सुवर्णनगरी जळगावात लाडकी असलेली सोनेरी अक्षरं पांढऱ्यावर टाकून पाहा, प्रमाण जेमतेम २ : १ च्या आसपास येतं. यावर वाद घालायची गरज नाही, आकडा दाखवावा. फक्त हिरव्या-लाल रंगाने ‘भाव चढला, उतरला’ सांगत असाल, तर शेजारी बाणही द्या. साधारण बारा पुरुषांमागे एकाला रंगभेद ओळखण्यात काही ना काही अडचण असते. उरलेला रंगाचा वाद मात्र आवडीचाच. त्यात किती खोल जायचं? गूगलमध्ये निळ्याच्या ४१ छटांची चाचणी झाली होती, आणि अशाच आकडेमोडीला कंटाळून त्यांचे डिझाइनर डग्लस बोमन २००९ मध्ये बाहेर पडले. चार पानांच्या साइटसाठी एवढी हौस परवडत नाही.

गैरसमज : मजकूर नंतर टाकू, आधी डिझाइन बघा.

ही खोड सगळ्यात महागात पडते. लॅटिन खोटा मजकूर भरून दाखवलेलं पान सुबक दिसतं, कारण त्या अक्षरांना वर वेलांट्या नाहीत आणि खाली उकार नाहीत. मराठी टाकलं की ओळी एकमेकींत घुसतात; ओळींतलं अंतर वाढवावंच लागतं. इंग्रजी मथळ्याला शोभा आणणारं अक्षरांमधलं जादा अंतर देवनागरीला दिलं, तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. इंग्रजीत बटण मोठ्या लिपीत लिहून उठावदार करता येतं. आपल्याकडे मोठी लिपी नाही, वजन नाहीतर रंगच वापरावा लागतो. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखे अनेक वजनांचे फाँट त्यासाठी फुकट मिळतात. आणि गिऱ्हाईक प्रेसवाल्याकडून श्रीलिपीतला जुना मजकूर पाठवेल, तो युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय चिकटवला तर पानावर निव्वळ चिन्हांचा कचरा उमटेल. ‘फाँट खराब आहे’ हा अभिप्राय बहुतेक वेळा इथून निघतो. म्हणून खरा मजकूर, खरे भाव, खरे फोटो हाताशी आल्याखेरीज कोणाचंही मत मागू नये.

स्क्रीनशॉटचंही तसंच. त्यात वेग दिसत नाही. केळीच्या बागेचा भला मोठा फोटो ऑफिसच्या वायफायवर चटकन उघडतो, वाघूरच्या काठच्या शेतात फिरत राहतो. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. लिंक पाठवा, फोनवर उघडायला सांगा.

शेवटची गोष्ट कोटेशनच्या वेळची. पेढीवर मालक, त्यांचा मुलगा, सीए आणि पुण्यात इंजिनिअरिंग करणारा भाचा, चौघंही सूचना देतात आणि त्या एकमेकांना छेदतात. सूचना लेखी, एकत्र, एकाच माणसाच्या नावाने येतील, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीचे पैसे वेगळे, हे काम घेतानाच लिहून घ्या आणि त्या माणसाचं नाव मालकालाच ठरवू द्या.